हात उचलणारे वायाळ सर

वायाळ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाला टेम्पोतून ओढून खाली पाडत होते.

मी त्याच आठवड्यात त्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. गावाचं नाव लिहीत नाही; तिथे अजून माझं घर आहे आणि माझी माणसं राहतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडला उतरून पुढे जीपने आत जावं लागतं, एवढं पुरे. कुठल्याशा मोठ्या कचेरीने वापरून टाकलेले संगणक शाळेला दान मिळाले होते आणि ते उतरवताना टेम्पोवाल्याने एक खोकं वरूनच खाली सोडून दिलं. दण्णकन आवाज झाला. पुढच्याच क्षणी एक रुंद खांद्यांचा, साठीकडे झुकलेला माणूस टेम्पोत चढला, त्याने ड्रायव्हरची गचांडी धरली आणि त्याला त्या खोक्यासारखंच खाली टाकलं.

"आतमंदी डिस्क हाये बे! तुह्या पोराले असंच खाली टाकतं का?"

ड्रायव्हरचा ओठ फुटून रक्त आलं. मुख्याध्यापक मध्ये पडले, शिपाई मध्ये पडला. सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ते खोकं उचललं, कानाशी धरलं, अगदी हळू हलवलं आणि आत काही सुटं वाजतंय का ते ऐकत राहिले. मग पायरीवर ते मांडीवर घेऊन बसले. शेजारी ड्रायव्हर थुंकत होता.

मला ते आवडायचे नाहीत. आमच्या शाळेत बहुतेकांना ते आवडत नसत. विज्ञान शिकवायचे आणि संगणकाची खोलीही त्यांच्याकडेच होती. मुलांवर हात उचलायचा नाही असा कायदा आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. नोटिसा आल्या की त्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवायचे. एकदा त्यांच्या चापटीने एका मुलाच्या कानातून पाणी यायला लागलं. त्याचा बाप शाळेत आला तेव्हा सर म्हणाले, "हाव, मारलं. माही चुकी झाली," आणि स्वतः त्या मुलाला दवाखान्यात नेऊन आणलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुसऱ्याला मारलं. एकाही यंत्रावर मात्र त्यांनी कधी बोट आपटलेलं मी पाहिलं नाही.

त्या दान आलेल्या संगणकांवरची मूळ प्रणाली जुनाट झाली होती. कंपनीने तिच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस, चालू केलं की निळा पडदा. नवं काही घ्यायला संस्था तयार नव्हती. तेव्हा सर म्हणाले, लिनक्स टाकू, फुकट आहे. मुख्याध्यापकांना फुकट हा शब्द फार आवडला. "मग टाका की आजच," ते म्हणाले.

"टाका काय? पह्यले पाहा तं लागन, त्याच्यात काय काय हाये ते."

आणि ते पाहत बसले. कितीतरी दिवस. प्रत्येक संगणकाचा डबा उघडायचा, रंगाच्या ब्रशने धूळ झाडायची, पालीची अंडी काढायची. मधल्या सुट्टीत मी डबा खायला त्या खोलीत जायची, कारण तिथे पंखा होता. विचारलं नाही तरी ते सांगायचे.

"ताई, प्रोसेसर बत्तीस बिटचा हाये का चौसष्टचा, हे पाहा लागते. बत्तीसवाल्यात चौसष्टचं टाकसान तं ते सुरूच नाई होत. रॅम कमी असली तं सुरू होते, पन मंग म्हैस चिखलात बसल्यावानी बसते. उठतच नाई. डिस्कवर जागा किती, डिस्क सडली तं नाई, तेबी पाहा लागते. मंग पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहाचं, न टाकता. आवाज येते का, नेट लागते का, पडदा बराबर दिसते का."

"आणि एवढं न बघता टाकलं तर?"

"तं जुनं सगळं पुसून जाते आन् नवं चालत नाई. दोनीकडून गेलं."

तपासून झालं की ते डब्यावर खडूने लिहायचे. 'चालते.' 'रॅम पाहिजे.' 'बाद.' रॅम पाहिजे असेच जास्त होते. ती जुन्या जातीची रॅम बुलढाण्याच्या दुकानांतून केव्हाच गेली होती. जालन्याला सलीम नावाचा एक तरुण मोडीत निघालेले संगणक फोडून त्यांचे भाग विकायचा. तो ती जमवून देतो म्हणाला होता.

तेवढा धीर संस्थेच्या सचिवांना नव्हता. त्यांनी पाहुणे ठरवले, मांडव टाकला, उद्घाटनाचा दिवस जाहीर केला. वायाळ सर नाही म्हणाले. सचिवांनी मग त्यांना विचारायचंच सोडलं. सर दहावीच्या सहलीबरोबर सिंदखेडराजाला गेलेले असताना सचिवांनी गजूला सांगितलं, जे असेल ते सगळ्यांत टाकून दे.

गजू हा संगणक खोलीचा मदतनीस. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, कोणाशी वर मान करून न बोलणारा. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. कुठलाही डबा न उघडता, एकाच पेन ड्राइव्हवरून, नव्यातली नवी आणि जडातली जड अशी आवृत्ती सगळ्या यंत्रांवर टाकली. 'चालते' लिहिलेल्या यंत्रांत दहावीच्या मुलांनी तोवर केलेलं काम होतं. ते पुसलं गेलं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. शेजारचं यंत्रही तसंच. लोक हसायला लागले. सहलीहून त्याच सकाळी परतलेले वायाळ सर मागून पुढे आले, त्यांनी दोन पडदे पाहिले, 'रॅम पाहिजे' लिहिलेला डबा पाहिला, आणि मग गजूकडे पाहिलं.

टेबलावर विजेची एक जाड वायर पडली होती. तिचा दुमडलेला पट्टा करून त्यांनी पाहुण्यांच्या समोर गजूला मारायला सुरुवात केली. गजू ओरडलाही नाही. डोकं दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकून खाली बसत गेला. मानेवर, पाठीवर, बोटांवर. सचिव दोन पावलं मागे सरकून उभे होते. शेवटी आम्ही चार-पाच जणांनी मिळून सरांना ओढलं तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "सर, हुकूम सचिवांचा होता. गजूचा काय दोष?"

"मले मालूम हाये."

"मग?"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "सचिवावर हात नाई उठत माहा," ते म्हणाले. "नोकरी हाये."

गजूने तक्रार केली नाही. त्यालाही नोकरी होती. पण त्यानंतर तो सरांच्या खोलीत पाय ठेवीना. गळ्याला उपरणं गुंडाळून शाळेत यायचा.

त्या दिवसांत जिल्हाभर लोकांच्या फोनवर एक गोष्ट फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, काळ्या बॅगा घेऊन फिरतात, लेकरांना सांभाळा. सोबत कुठलातरी व्हिडिओ. कुठला, कोणास ठाऊक. शेतात गेलेल्या बाया दुपारीच घरी परतायला लागल्या. एका पोतराजाला शेजारच्या गावात मार पडला. मी वर्गात मुलांना सांगितलं की हे खोटं आहे, तर एका मुलीने मलाच विचारलं, "मॅडम, तुमाले कसं मालूम?"

आणि अशा दिवसांत सलीम रॅम घेऊन आला.

सकाळची वेळ होती, बाजाराचा दिवस. तो जीपमधून स्टँडवर उतरला. त्याच्या पाठीवर काळी बॅग होती. हातपंपाजवळ एक मुलगा पाणी पीत होता. त्याला सलीमने विचारलं, शाळा कुठे आहे? एवढंच झालं. कोणीतरी बाई किंचाळली.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलबाई धावत आल्या. "स्टँडवर पोरं धरनारा सापडला! मारून राह्यले त्याले! बॅगीत वायरा निंगाल्या म्हनतात."

वायाळ सर नववीच्या वर्गात उभे होते. "वायरा?" ते म्हणाले. मग खडू टाकून जे धावले, ते पायात चप्पल न घालताच. मी पोलिसांना फोन लावत त्यांच्या मागे धावले. माझ्या मागे मुलं येत होती, ते मला नंतर कळलं.

जे पाहिलं ते लिहिते. हातपंपाच्या भोवती माणसांचं रिंगण होतं. मधे चिखलात एक तरुण पडलेला, अंगावर सदरा उरलेला नाही, एक डोळा सुजून बंद. पट्टे, चपला, कपाशीच्या पऱ्हाटीचे धांडे, सायकलची साखळी. मारणारे सगळे ओळखीचे होते. रोज ज्याच्याकडून मी दूध घ्यायची तो होता. बाहेरच्या बाजूला लोक फोन वर धरून उभे होते आणि आतले थकले की बाहेरचे आत जात होते.

वायाळ सर त्या रिंगणात बोलत गेले नाहीत, मारत गेले. एकाच्या नाकावर कोपर घातलं, ते मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्याला केसांनी धरून मागे फेकलं. साखळीवाल्याचा हात पिरगळून साखळी काढून घेतली आणि तीच फिरवत मधोमध जाऊन उभे राहिले.

"हा माहा पाव्हना हाये! म्या बोलावला याले! शाळेचं सामान आनलं त्यानं! बॅग पाहा बे आधी, बॅग!"

कोणीतरी बॅग उलटी केली. हिरव्या पट्ट्या चिखलात सांडल्या.

"बॉम्बाचं सामान हाये!" मागून एक जण ओरडला.

"रॅम हाये ते! कॉम्प्युटरची रॅम! तुह्याच पोरासाठी हाये, गधड्या!"

पण कोण ऐकतो. मागून रेटा आला, साखळी हातातून गेली. सर सलीमवर ओणवे झाले, हात-गुडघे टेकून, घोंगडी पांघरावी तसे. आता काठ्या त्यांच्या पाठीवर पडायला लागल्या.

तेव्हा गजू पुढे आला. त्याच्या हातात कुंपणाचा खुंटा होता. तो सलीमकडे पाहतच नव्हता. त्याला तिथे दुसरं कोणी आहे हे दिसलं असेल असं मला वाटत नाही. सरांनी मान वर करून त्याला पाहिलं. "गजू," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात. गजूने खुंटा त्यांच्या जबड्यावर मारला. दुसरा कानावर मारला. तिसऱ्यासाठी हात वर नेला आणि तो तसाच वर धरून लहान मुलासारखा रडायला लागला.

मी आत घुसले ती तेव्हा. मला कोणी अडवलं नाही, कारण तोपर्यंत मारणारे हात मंद झाले होते. का, ते मागे वळल्यावर कळलं. आमच्या शाळेची मुलं गणवेशात रांगेसारखी येऊन उभी राहिली होती आणि त्यांतली कितीतरी त्याच बापांची होती. ती नुसती पाहत होती. दूधवाल्याच्या मुलीने, "बाबा," अशी हाक मारली. त्याने हातातली काठी पाठीमागे लपवली.

पोलीस आले तेव्हा मी चिखलात बसून सलीमचं डोकं मांडीवर धरलं होतं. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, अम्मी. सर शुद्धीवर होते. त्यांच्या जबड्याची एक बाजू खाली लोंबत होती आणि ते बोटाने मला चिखलातल्या हिरव्या पट्ट्या दाखवत होते.

सलीम वाचला. डोळा गेला, आणि एक पाय कायमचा आखडला. सरांचा जबडा तारेने बांधला. डावा कान गेला. कित्येक आठवडे ते नळीने वरणाचं पाणी घेत होते. शोभाताई, त्यांची बायको, मला म्हणाली, "आता बोलता येत नाई तं घर कसं शांत हाये. मले करमतच नाई."

तोंड उघडायला लागलं तेव्हा मी त्यांना विचारलं, एवढ्या जमावात जाताना मरणाची भीती वाटली नाही का? मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील.

"राग आला होता, ताई," ते फुटक्या आवाजात म्हणाले. "म्या बोलावलेल्या मानसाले मारून राह्यले म्हंजे काय? आन् त्या रॅमा पायाखाली तुडवल्या हरामखोरायनं."

त्या रॅम मुलांनी गोळा करून माझ्याकडे आणून दिल्या होत्या. सर शाळेत परत आले ते त्या घेऊनच बसले. चिखल आणि वाळलेलं रक्त ब्रशने झाडायचं, पट्ट्यांच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, मग एकेक पट्टी यंत्रात बसवून तपासायची. काही मेल्या होत्या. ज्या जगल्या त्यांवर हलकं, जुन्या यंत्रांना पेलेल असं लिनक्स चढलं. वर्ष संपायच्या आत खोली सुरू झाली. या वेळी उद्घाटनाला कोणी आलं नाही.

कोणी येणारच नव्हतं. पोलिसांनी पकडलेले सगळे गावचे होते. निम्मे सरांचेच जुने विद्यार्थी. सरांनी पोलिसांना नावं सांगितली, म्हणून गावाने सरांशी बोलणं टाकलं. किराणा मिळेना, पाण्याच्या टँकरवर शोभाताईची घागर मागे ढकलली जाऊ लागली. घरावर दगड आले. एका सकाळी सचिव स्वतः त्यांच्या ओट्यावर येऊन बसले आणि समजावू लागले की साक्ष फिरवा, पोरांचं आयुष्य आहे, तो जालन्याचा मुलगा आपला कोण? सरांनी ऐकून घेतलं आणि सचिवांची कॉलर धरून त्यांना ओट्यावरून खाली लोटलं. तेव्हा सरांच्या नोकरीची एकदोनच वर्षं राहिली होती.

मार खाल्ल्यावर ते मारायचे थांबले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. कमी मात्र झालं, आणि मुलांना मारलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

बुलढाण्याच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली तेव्हा मीही साक्षीदार होते. ते शब्द अडखळत, लाळ पुसत बोलत होते. कोणी कशाने मारलं, ते नावानिशी सांगितलं. गजूचं नाव आलं तेव्हा ते थांबले.

"त्यानं मले मारलं. सलीमले नाई मारलं. त्याचं येगळं लिवा."

आरोपींच्या वकिलाने मग त्यांच्या जुन्या नोटिसा बाहेर काढल्या. टेम्पोवाला, कान फुटलेला मुलगा, उद्घाटनाचा दिवस. "तुम्ही स्वतःच हिंसक माणूस आहात ना?" त्याने विचारलं. "ऊठसूट मारता. मग त्या गर्दीत कोण मारत होतं आणि कोण सोडवत होतं, हे तुम्ही खात्रीने कसं सांगता?"

"हाव, मी मारतो," सर म्हणाले. "मारनाऱ्याचा खांदा कसा उठते ते मले समजते. सोडवनाऱ्याचा तसा नाई उठत. म्या सांगतलेले समदे मारूनच राह्यले होते."

आरोपींच्या बाकावर दूधवाल्याने खाली पाहिलं.

पुढे निकाल लागला. बऱ्याच जणांना शिक्षा झाल्या, काही सुटले, गजूला किरकोळ शिक्षेवर सोडलं. सर तोवर निवृत्त होऊन जिल्ह्यातल्याच सुलतानपूरला, आपल्या मूळ घरी गेले होते. नंतर आमची भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या साक्षीच्या दिवशी दुपारी, कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

बाकावर एका बाजूला सलीम काठी घेऊन बसला होता, त्याच्याजवळ त्याची आई. दिवसभरात ती एक शब्द बोलली नव्हती. शोभाताई जीप बघायला गेली होती. सरांनी चहा तोंडाला लावला. खालच्या ओठाची जाणीव गेली होती. चहा किती गरम आहे ते त्यांना कळेना, आणि निम्मा हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. टपरीवरची दोन पोरं हसली. सरांचं डोकं फिरलं. ते तिरिमिरीने उठायला लागले.

सलीमची आई जागची उठली. तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी त्यांच्या तोंडाशी धरली. सर तिच्याकडे पाहत राहिले. मग खाली बसले. तिने घोटाघोटाने त्यांना चहा पाजला आणि प्रत्येक घोटानंतर ओढणीच्या टोकाने त्यांची हनुवटी पुसत गेली.

"और लेंगे, मास्टरजी?" तिने विचारलं.

सरांनी मान डोलावली. तिने टपरीवाल्याकडे बशी पुढे केली.